पऱ्हाट्यांची चोरी आणि माझं पत्र

ती घटना आठवली की आधी वांगं भाजल्याचा वास येतो आणि मागोमाग माझी मान खाली जाते. नोकरीतल्या बाकीच्या प्रकरणांबद्दल मी चारचौघांत बोलतो, थोडं तिखटमीठ लावूनही बोलतो. हे प्रकरण कुणी काढलं तर मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जातो.

आधी माझी ओळख सांगतो. शेतकी कॉलेजची पदवी घेऊन मी अमेरिकेत शिकायला आलो, तो मेक्सिकोच्या सीमेजवळच्या कापसाच्या पट्ट्यात. पुढचं शिक्षण अर्धवट सुटलं, पण तो मुलूख सुटला नाही. नागरिकत्व मिळाल्यावर तिथल्या शेरीफच्या ऑफिसात डेप्युटी म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. सिनेमातला घोड्यावरचा शेरीफ डोळ्यांसमोर आणू नका. सकाळी हजेरी, रात्रपाळीने काय घडलं ते ऐकायचं, गाडी आणि रेडिओ तपासायचा आणि निघायचं. निम्मी ड्यूटी हायवेवर आलेल्या गाई हाकलण्यात जायची. उरलेली निम्मी दारू, तुटलेली कुंपणं आणि नवराबायकोची भांडणं यांत.

पण मायदेशी माझी ख्याती वेगळीच होती. आपल्याकडच्या एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत मी दर महिन्याला पत्र लिहायचो. सरहद्दीवरच्या मराठी पोलिसाचं पत्र. लोकांना ते आवडायचं आणि लोकांना आवडतं हे मला त्याहून आवडायचं. पुढे मोबाइलचा जमाना आला, तशी ती पत्रं इथल्या महाराष्ट्र मंडळांच्या ग्रुपवर फिरू लागली. कुठल्याशा गणेशोत्सवात कुणी म्हणायचं, "अरे, हे ते पत्रवाले काका!" की अंगावर मूठभर मांस चढायचं. माझा एक नियम होता आणि तो मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो: पत्रात कुणाचंही नाव लिहायचं नाही. नाव गाळलं की माणूस झाकला जातो, अशी माझी समजूत होती.

एका हिवाळ्यात, दुपारच्या सुमाराला, रेडिओवर डिस्पॅचने, म्हणजे आमच्या कंट्रोल रूमने, तक्रार दिली. एका शेतात एक बाई शिरली आहे आणि कापूस वेचून झालेली झाडं उपटून गाडीत भरते आहे. शेताचा मालक तक्रारीपेक्षा चक्रावलेला जास्त होता. पऱ्हाट्या कोण चोरतं? तिथे तर यंत्राने त्यांचा चुरा करून मातीत घालतात.

मी गेलो. बांधाला एक छोटी गाडी उभी होती, तोंड रस्त्याकडे केलेली. शेतात एक भारतीय बाई वाळक्या काड्यांची मोळी बांधत होती. शेजारी सहा-सात वर्षांची मुलगी, पायात पिवळे गमबूट. त्या भागात पाऊस वर्षाकाठी पाहुण्यासारखा येतो, पण ती पोरगी गमबुटात. बाईने माझा गणवेश पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मुलीला तिने झटकन पाठीशी घेतलं. मी तिला ओळखत होतो. गावातल्या एकुलत्या एका औषधाच्या दुकानात ती नवी फार्मासिस्ट होती. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या तीच द्यायची. माझ्या छातीवरचं आडनाव वाचून ती कधी एक अक्षर मराठी बोलली नव्हती. मला ती आंध्राकडची वगैरे वाटली होती.

पण पऱ्हाट्यांची मोळी पाहिली आणि माझी ट्यूब पेटली. माझी आई खानदेशाकडची. मी म्हटलं, "भरीत का?"

तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ दाबले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "गॅसवर नाही हो होत, काका," ती म्हणाली. "जळतं, पण भाजत नाही. मालकांना विचारायला हवं होतं. सॉरी. रिअली सॉरी."

मालक हसत सुटला. त्याने आणखी दोन मोळ्या स्वतः बांधून दिल्या. तक्रार तिथेच निकाली निघाली. आणि मी आपल्या माणसांच्या सवयीप्रमाणे सुरू झालो. मूळची कुठली? आडनाव काय? मिस्टर काय करतात? ती प्रत्येक प्रश्नाला हसून बगल देत होती. एखाद्या संशयिताने अशी उत्तरं दिली असती तर मी त्याला गाडीवर हात ठेवून उभं केलं असतं. हिला मी घरी जेवायला बोलावलं.

मग ती आमच्या घरची झाली. आम्ही नवराबायको आपापसांत तिला 'औषधवाली' म्हणायचो. आमच्या परसात खड्डा करून तिने पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, लाकडी पात्रात मुसळाने ठेचली, वर कांद्याची पात, शेंगदाणे, मिरची. माझी बायको पुण्याची. तिला आधी त्या धुराचंच कौतुक वाटेना, पण पहिला घास खाल्ल्यावर तिने पदर खोचला. मुलगी आम्हाला मराठीत हाक मारायची आणि बाकी सगळं इंग्रजीत बोलायची. मी तिचा 'कॉप आजोबा' झालो.

औषधवाली आमच्याकडे आली की दार दिसेल अशा खुर्चीत बसायची. गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावायची. फोटो काढायला लागलो की भांडी घासायला उठायची. हे सगळं मी पाहिलं होतं. घराघरांतली भांडणं सोडवण्यात जन्म गेलेल्या माणसाला याचा अर्थ कळायला हवा होता. मी एकदा विचारलंही नाही, कारण माझ्या डोक्यात पत्राचा मजकूर जमत होता.

एका रविवारी ती हात पुसत म्हणाली, "काका, तुम्ही लिहिता ना... प्लीज, माझ्याबद्दल कुठे काही लिहू नका हं."

मी हसून म्हटलं, "नाव थोडंच लिहिणार आहे!"

ती पुढे काही बोलली नाही. काकांच्या घरी जेवायचं आणि काकांनाच दरडावून सांगायचं, असं आपल्याकडची मुलगी करत नाही. तिच्या त्या भिडेचा मी होकार असा अर्थ लावला.

पत्र छापून आलं. पऱ्हाट्यांच्या चोरीची हकिकत. नाव अर्थातच नव्हतं. बाकी सगळं होतं. सीमेजवळचा कापसाचा पट्टा, औषधाच्या दुकानातली बाई, गॅसवरच्या भरताला नाक मुरडणारी, मुलीचे पिवळे गमबूट, आणि 'दाराकडे तोंड करून बसणारी, कुणाची तरी वाट पाहणारी' असं एक वाक्य, जे लिहून झाल्यावर मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. इतकं गाजलेलं पत्र मी पूर्वी लिहिलं नव्हतं. ग्रुपवरून ते माझ्याकडेच चार वेळा फिरून आलं. खाली वाहवा, हसरे चेहरे, डोळ्यांत पाणी आल्याच्या खुणा.

ईमेलही आले. त्यातला एक फार सुरेख होता. 'आदरणीय काका, सादर नमस्कार.' इतकं शुद्ध, अदबशीर मराठी मी इथल्या तरुण माणसाच्या हातचं क्वचित वाचलं होतं. लिहिणारा म्हणत होता, आम्ही नवराबायको त्या बाजूला रोड ट्रिपला येणार आहोत, बायको अशा भरतासाठी जीव टाकते, गाव कुठलं ते कळलं तर त्या ताईंना भेटून येऊ. मी तेव्हा शाळांमध्ये जाऊन मुलांना सांगायचो, अनोळखी माणसाला पत्ता देऊ नका. आणि तोच मी, उलट टपाली उत्तर लिहिलं. गावाचं नाव दिलं. औषधाचं दुकान एकच आहे, चुकायचं कारण नाही, काउंटरवरच दिसतील, असं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'आलात की आमच्याकडेच उतरा.' कुणी मराठी माणूस काका म्हणून हाक मारतो आणि आपण त्याला गावाचं नाव सांगत नाही, हे मला शिष्टपणाचं वाटलं असतं.

वाचणाऱ्याला पुढचं एव्हाना कळलं असेल. मला कळलं नाही.

वसंत ऋतू लागला होता. सकाळच्या फेरीवर असताना हायवेवरच्या मोटेलच्या गुजराती मालकाचा फोन आला. तो माझ्याशी नेहमी हिंदीत बोलायचा. "साब, एक अपना इंडियन आदमी आया है. बात बहुत मीठी करता है, पर कुछ ठीक नहीं लगता. अकेला है, भाड़े की गाड़ी. दवाई की दुकान किस दिन बंद रहती है, पूछ रहा था."

मोटेलवाल्यांच्या नाकावर माझा फार विश्वास. मी गाडी वळवली. पोचलो तर तो इसम खोली सोडून गेला होता. त्याचं नाव रजिस्टरमध्ये पाहत होतो, तेवढ्यात डिस्पॅचचा रेडिओ वाजला. एका लहान मुलीचा आपत्कालीन फोन आहे. बाथरूममध्ये कडी लावून बसली आहे. "शी वॉन्ट्स समवन कॉल्ड कॉप आजोबा," डिस्पॅचवाली म्हणाली. "डझ दॅट मीन एनीथिंग टू यू?"

रस्ता मला पाठ होता. मागचं दार फोडलेलं होतं. तो हॉलमध्ये सोफ्यावर बसला होता, हातात पाण्याचा ग्लास, पाहुणा आल्यासारखा. औषधवाली स्वयंपाकघराच्या फरशीवर. तिचं मनगट भलत्याच कोनात वळलं होतं. ती रडत नव्हती. ती फक्त म्हणाली, "काका, आधी तिला बाहेर न्या. तिला हे दाखवू नका."

मी त्याला बेड्या घातल्या, हक्क वाचून दाखवले, अँब्युलन्स मागवली. मग बाथरूमच्या दाराशी गुडघ्यावर बसलो आणि हाक मारली. आतून बारीक आवाज आला, "आय लॉक्ड इट मायसेल्फ. इज आई मॅड?" मी म्हटलं, "नाही बाळा, आई अजिबात रागावली नाही." कडी निघाली. ती बाहेर आली तेव्हा पायात मोजे होते फक्त. गमबूट तिने पोटाशी घट्ट धरले होते.

मग सगळी हकिकत बाहेर आली. तो नवरा होता. ट्रॉय म्हणा, पार्सिपनी म्हणा, अशा एका उपनगरात मोठ्या पगारावर काम करणारा, मंडळाच्या कार्यक्रमांत सूत्रसंचालन करणारा. घरात तो काय करायचा ते औषधवालीच्या जुन्या एक्स-रेंवर दिसत होतं. कोर्टाने तिला संरक्षण आदेश दिला होता. त्याने तिच्या जवळपासही फिरकायचं नव्हतं. ती मुलीला घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे एकही मराठी माणूस नसेल असं वाटलं तिथे आली होती. आणि तिथेही नेमका मी निघालो.

त्याचा जबाब घ्यायला शेरीफने मलाच बसवलं, कारण तो मराठीत बोलायला तयार होता. तो माझ्यासमोर शांत बसला. शर्टाची कॉलर नीट केली.

"काका, गैरसमज झालाय हो," तो म्हणाला. "तिनेच मला बोलावलं. समेट करायचा होता तिला. पत्ता तिच्या मैत्रिणीने दिला, ती पीएच.डी. करते ना इथल्या युनिव्हर्सिटीत, तिने. दार तर मी नुसतं ढकललं. हात तिचा पडताना मुरगळला."

हे ऐकायला थापा वाटल्या तरी प्रकरण साधं नव्हतं. सरकारी वकील बाईंनी मला समजावलं. शोध काढत आलेला माणूस आणि बोलावल्यावर आलेला माणूस यांत कोर्टात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शिवाय मुलीच्या ताब्याचा दावा अजून चालू होता. आदेश असताना तिनेच त्याला घरी बोलावलं असं ठरलं, तर त्याचा वकील म्हणेल की ही आई मुलीला धोक्यात घालते, आणि मुलगी बापाकडे जाऊ शकते. त्याला पत्ता कुठून मिळाला हे सिद्ध करणं, एवढंच आता आमच्या हातात होतं.

म्हणून मी त्या मैत्रिणीकडे गेलो. औषधवालीची ही कॉलेजातली धाकटी मैत्रीण, नागपूरकडची, मातीवर संशोधन करणारी. तिनेच औषधवालीला गाडीत घालून इकडे आणलं होतं आणि पत्ता माहीत असलेली ती एकटीच होती. मी गणवेशात तिच्या डिपार्टमेंटमध्ये गेलो. मला आधीच खात्री होती की हिनेच तोंड उघडलं असणार. खात्री घेऊन गेलेला पोलीस ऐकत नसतो, हे मी नव्या पोरांना शिकवायचो.

तिने विचारलं, "काका म्हणू की ऑफिसर?"

"ऑफिसर," मी म्हटलं. आणि सुरुवात केली. पूर्ण नाव? आडनाव? मूळ गाव? तिने नाव आणि आडनाव सांगितलं आणि थांबली. मी आवाज चढवला. खोटी साक्ष दिलीस तर तुझ्या व्हिसाचं काय होईल ते बघ, असंही म्हणालो. हे वाक्य लिहितानाही माझे कान गरम होतात. तिने हात टेबलाखाली घेतले.

"ऑफिसर," ती म्हणाली, "आडनाव ओके, रिपोर्टला लागत असेल. पण गाव कशाला? आडनावावरून नाही कळलं की लोक गाव विचारतात. मग कुठल्या भागातले, घर गावात कुठे. मला पुढचा क्वेश्चन माहीत असतो. आम्ही बुद्धिस्ट आहोत. लिहून घ्या. लहानपणापासून मला ट्रेनिंग आहे, कुणाला किती सांगायचं त्याचं. ताईचा ॲड्रेस मी माझ्या रूममेटलासुद्धा सांगितला नाही."

"मग त्याला सांगितलं कुणी?"

तिने फोन काढला, बोटाने वर-खाली केलं आणि माझ्यापुढे ठेवला. माझं पत्र होतं. माझं नाव, माझा फोटो, खाली हसरे चेहरे.

"मंडळाच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं होतं," ती म्हणाली. "दोन ओळींत ओळखलं मी. वाळवंटात पिवळे गमबूट कोण घालतं? आधीच्या घरी बॅकयार्डात तिने एकदा लाकडं पेटवून भरीत केलं होतं, तर फायर ब्रिगेड आली होती. तिथे सगळ्यांना माहितीये तो किस्सा. मी ओळखलं, तर नवरा नाही ओळखणार?"

मी फोन तिच्याकडे परत सरकवला. 

"मी ताईला लगेच कॉल केला होता. म्हटलं, काकांना सांग, काढून टाका म्हणावं. तर ती म्हणाली, जाऊ दे गं, प्रेमाने लिहिलंय त्यांनी, त्यांना वाईट वाटेल."

म्हणजे तिने वाचलं होतं. पत्र आल्यानंतरही ती आमच्याकडे जेवायला येत होती, मी पत्राच्या कौतुकाच्या गोष्टी सांगत होतो आणि ती मान डोलावत होती. मला वाईट वाटू नये म्हणून.

मी गाडीत येऊन बसलो आणि फोनवर जुने ईमेल उघडले. 'आदरणीय काका, सादर नमस्कार.' ते शुद्ध मराठी आता मला दुसऱ्याच आवाजात ऐकू आलं. कॉलर नीट करणाऱ्या माणसाच्या. खाली माझं उत्तर. गाव, दुकान, काउंटर.

खरं सांगायचं तर पहिला विचार काय आला तेही सांगायला हवं. हे पुसता येईल, असा आला. मराठीत आहे, इथे वाचणारा कुणी नाही, विचारणारा कुणी नाही.  मग डोळ्यांपुढे पोटाशी गमबूट धरलेली पोरगी आली. तिचा ताबा त्या माणसाकडे जाऊ नये, यासाठी लागणारा पुरावा जगात एकच होता आणि तो माझ्या हातात होता. मी विद्यार्थिनीकडे परत गेलो आणि म्हणालो, "माफ कर. काकाही म्हणू नकोस आणि ऑफिसरही." तिने मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि ते बरोबरच होतं.

शेरीफ कमी बोलणारा माणूस. मी त्याच्या टेबलावर फोन ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याने बराच वेळ त्या न कळणाऱ्या लिपीकडे पाहिलं. "तू सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "रिपोर्ट लिही. आणि या केसमधून तू बाहेर." त्याने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

तपास दुसऱ्या डेप्युटीकडे गेला. तो ईमेल नवऱ्याच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनच आला होता आणि दुकानापासून तो तिच्या गाडीमागून घरापर्यंत गेला होता, हे निघालं आणि त्याची समेटाची गोष्ट तिथेच ढासळली. खटल्यात मी साक्षीदार होतो. इतकी वर्षं सरकारी बाजूने त्या खुर्चीत बसलो होतो, पण माझ्यासाठी ती कधी इतकी अरुंद नव्हती. कोर्टाच्या दुभाषी बाईंनी माझं पत्र आणि माझं उत्तर इंग्रजीत वाचून दाखवलं. माझी भाषा किती रसाळ, असं लोक म्हणायचे. इंग्रजीत तो रस उतरलाच नाही. उरलं ते एवढंच: एक बाई, एक मूल, ही त्यांची खूण, हे गाव, हे दुकान, इथे सापडतील, या. सरकारी वकिलांनी विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंत?" मी म्हणालो, "हो." मागच्या बाकावर औषधवाली बसली होती, मनगटाला आधाराचा पट्टा. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

त्याला शिक्षा झाली. मुलगी आईकडेच राहिली. मला एक लेखी ताकीद मिळाली आणि पुढे निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांसारखाच केकही मिळाला. वर्तमानपत्राला मी कळवलं की यापुढे पत्र येणार नाही. संपादक म्हणाले, वाचक वाट पाहतात हो तुमची. मी त्यांना कारण सांगितलं नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं अशा लेखाच्या शेवटी लिहायची पद्धत आहे. नाव गाळल्याने माणूस झाकला जात नाही, हे शिकलो. आपल्या माणसांना तर नाव लागतच नाही. आपण भाजीच्या फोडणीवरून गाव ओळखतो, आडनावावरून आणखी काय काय ओळखतो, आणि त्याला आपुलकी म्हणतो. ज्याला ओळखून घ्यायचं नसतं, त्याला ती आपुलकी कशी लागत असेल, हे मला एका विद्यार्थिनीला धमकावल्यावर कळलं. तेही निवृत्तीच्या तोंडावर.

निकाल लागल्यावर औषधवालीने गाव सोडलं. निघायच्या दिवशी ती मुलीला घेऊन आमच्याकडे आली, गाडी सामानाने भरलेली, तोंड रस्त्याकडे. माझ्या पाया पडायला वाकली तेव्हा मी मागे सरकलो. म्हटलं, "मला नको. मला नको, पोरी. माझं चुकलं." ती म्हणाली, "काका, असं नका बोलू. तुम्ही वेळेवर आलात." मला वेळेवर का यावं लागलं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बायकोने विचारलं, "कुठे चाललीस गं?"

औषधवालीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे वळून हसत म्हणाली, "शॉमबर्गला, काकू. शिकागोजवळ. जॉब मिळालाय तिथे."

लोक खोटं बोलतात तेव्हा काय होतं ते पाहण्यात माझा जन्म गेला आहे. विचारलं नसताना जास्तीचा एक तपशील देतात. तिने दोन दिले होते. बायकोला काहीच कळलं नाही. "अगं बाई, तिकडे थंडी फार!" म्हणत ती आत धावली, आपला जाड लोकरीचा स्वेटर आणि पोरीसाठी कानटोपी घेऊन आली. औषधवालीने दोन्ही घेतलं, घडी घालून मांडीवर ठेवलं. ती जिथे चालली होती तिथे त्या स्वेटरची गरज होती की नव्हती, देव जाणे. मी म्हटलं, "छान. शॉमबर्गला आपली माणसं भरपूर आहेत."

हा लेख लिहायचा की नाही यावर मी बरेच महिने घालवले. शेवटी मसुदा त्या विद्यार्थिनीला पाठवला, औषधवालीकडे पुढे पाठवायचा की नाही ते तिच्यावर सोपवून. पत्ता मी विचारला नाही. मसुदा परत आला तेव्हा त्यावर ठिकठिकाणी काट मारलेली होती. पदार्थ बदला. पीक बदला. मुलीच्या पायातलं बदला. हुद्दा बदला. मी सगळं बदललं आहे, तेव्हा वर वाचलेल्यातलं काही शोधायला जाऊ नका. भाजल्याचा वास तेवढा खरा आहे. संपूर्ण मसुद्यात औषधवालीच्या ठावठिकाण्याचं एकच नाव तिने न खोडता ठेवलं होतं, शॉमबर्ग.

आयुष्यभर माझ्याशी खोटं बोलणाऱ्यांचा मला राग आला. औषधवालीच्या त्या खोट्यापुढे मी शरमेने मान खाली घातली आणि मनात म्हटलं, बरं केलंस पोरी, मलासुद्धा नाही सांगितलंस.